नऊ विहिरींची फाइल

१

नऊ विहिरींचं सहा वर्षांचं पाणी तुमच्या कुलपात मेलं, साहेब. कुलूप तुम्ही लावलंत, किल्ली तुम्ही खिशात घातलीत, आणि गावातून चौदा अर्ज आले तरी ती बाहेर काढली नाहीत. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे गाव एकमेकांच्या अंगावर धावून जाणार आहे, आणि त्यात तुमचं नाव कुणाच्याच तोंडी येणार नाही. कुलपावर शेवटचा हात कुणाचा पडला, हे कळायला चार दिवस लागले. ते चार दिवस आता ऐका.

गुरुवार, ३ मार्च २००५. मुळगावच्या वरच्या वाड्यावरचं, म्हणजे वरच्या वस्तीतलं, वाचनालय. ग्रंथपाल गौरवीने सकाळी संगणक लावला आणि ‘विहिरी’ नावाचं फोल्डर उघडलं. फाइल जागेवर होती, नाव नेहमीसारखं हिरव्या अक्षरांत. तिने दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली: ‘ॲक्सेस इज डिनाइड.’

तिने पुन्हा मारली. पुन्हा तेच.

सोमवारी जनसुनावणी होती. वाड्यामागची खाण आणखी खोल खणायला परवाना मागत होती. खाणवाल्यांचं म्हणणं, विहिरी आटतात त्या पावसाच्या लहरीने. कृष्णनाथचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते आकड्यांत होतं. शाळेतली शिपायाची नोकरी संपल्यावर सहा वर्षं, एकही शुक्रवार न चुकवता, त्याने वाड्यावरच्या नऊ विहिरींत शिसं बांधलेली दोरी सोडली होती. दोरी कोरडी किती, ओली किती, ते वहीत लिहायचं आणि वहीतून संगणकात घालायचं. खाणीचे पंप एकदा संपामुळे अठरा दिवस बंद पडले, तेव्हा भर एप्रिलात नऊच्या नऊ विहिरी दीड-दीड हात वर आल्या होत्या. हे त्या फाइलीत होतं. खाणीला याचं उत्तर देता आलं नसतं.

वह्या कुठे होत्या? वाचनालयाला संगणक देणाऱ्या सरकारी खात्याने नेल्या. ‘आता सगळं संगणकावर आहे, मूळ वह्या जमा करा.’ पावती दिली. पुढे वह्या मागितल्या तर ‘सापडत नाहीत’. छापील प्रत? प्रिंटर दोन वर्षं खोक्यात पडून होता, कारण तो जोडायला प्रशासकाचा पासवर्ड लागतो आणि तो खात्याने दिला नाही. फ्लॉपी? विषाणू शिरतील म्हणून खात्याच्या माणसाने खाचेवर लाख ओतून मोहोर मारली होती. म्हणजे सगळ्या जगात ती एकच फाइल होती.

आणि ती भरणारा कृष्णनाथ २ फेब्रुवारीला वारला होता.

दुपारपर्यंत वाड्याने गुन्हेगार ठरवून टाकला. राजेश, कृष्णनाथचा सख्खा पुतण्या, खाणीच्या वजनकाट्यावर संगणक चालवायला होता. आठवड्यापूर्वी, चोवीस तारखेला, तो वाचनालयात अर्धा तास एकटाच बसला होता. चहाच्या वेळेला त्याची मोटरसायकल ओहोळात उलटी पडलेली मिळाली. चाकं वर, दिवा फुटलेला. पाववाल्या पोदेराने त्याच्या दारावर सकाळचे उंडे ठेवायचं बंद केलं.

२

पेडण्याच्या बसमधून विनोदिनी पार्सेकर उतरली ती शुक्रवारी नऊला. वय पंचावन्न, चष्म्याला दोरी, हातात छत्री. पेडण्याच्या बाजारात तिचा टंकलेखनाचा वर्ग होता. टाइपरायटरचे दिवस गेल्यावर तिने संगणक घेतला, खोलून बघितला, बिघडवला आणि पुन्हा जुळवला. शिकवायला कुणी आलं नव्हतं. कृष्णनाथ हा तिचा सगळ्यात वयस्क विद्यार्थी. दोन बस बदलून तीन महिने यायचा आणि एका बोटाने ‘विहीर, विहीर, विहीर’ असं पानभर बडवायचा.

वाचनालयात ते चालवणाऱ्या मंडळाचा चिटणीस प्रमोद वाट बघत होता. देवळात दिवा लावायच्या घराघरांच्या पाळीची यादीही हाच ठेवायचा, त्यामुळे वाड्यावरचं प्रत्येक घर आणि घरातलं प्रत्येक मरण त्याला तोंडपाठ होतं.

‘‘बाय, सरळ गोष्ट असा,’’ प्रमोद म्हणाला. ‘‘कृष्णनाथ गेलो, तेरावो झालो. देवळातल्या यादीत मी तेचा नाव कमी केलंय आणि शेवंतीवयनीचा घातलंय. हयल्या यंत्रातसुद्धा तसाच करूक व्हया ना? पडद्यावर रोज सकाळी मेलेल्या माणसाचा नाव येता, बरा दिसता? म्हणान खात्याक अर्ज केलो. सतरा तारखेक तेंचो माणूस इलो, करून गेलो.’’

‘‘फाइल उघडून दाखवलान?’’

‘‘दाखवलान ना! हिरव्या अक्षरांत. आमी चौघा उभी होतंव. गौरवी, मी, शेवंतीवयनी आणि तो.’’

गौरवीने मान हलवली. पंचविशीतली, डोळे रडून सुजलेले. ‘‘होती, बाई. मी बघितली. काकांच्या जागी काकींचं नाव, आणि खाली फाइल जशीच्या तशी.’’

पडद्यावर दोनच नावं होती. एक खात्याचं, ज्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. दुसरं ‘शेवंती’, कृष्णनाथच्या बायकोचं. विनोदिनीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिच्या गावी, पार्स्यातही असंच करतात. माणूस गेला की रेशनकार्डावरून, मतदारयादीतून, पाळीतून नाव काढायचं आणि मागे राहिलेल्याचं घालायचं. पाळी कुठे थांबते?

‘‘सतराक फाइल होती,’’ प्रमोदने बोटांवर मोजून हिशेब सांगितला, ‘‘तीन मार्चाक बंद. मधी हय बसलो कोण? एकटो राजेश. आता तुमी फक्त ता कागदार लिवन देवा, बाय. म्हंजे सुनावणीत खाणवाल्यांचा नाक कापूक बरा.’’

‘‘तू माका बोलावलस ता शोधूक,’’ विनोदिनी म्हणाली. ‘‘का तुझ्या लिवलेल्यार सही करूक?’’

३

राजेश घराच्या मागच्या पडवीत मोटरसायकलचं इंजिन उघडून चिखल काढत होता. त्याने वर बघितलं नाही.

‘‘गावाने पाठवलं?’’

‘‘तुझ्या काकान पाठवल्यान असा समज. माझ्याकडे शिकलो तो.’’

‘‘ठाऊक आहे. घरी यायचा तेव्हा टेबलावर बोटं बडवत बसायचा. काकी म्हणायची, तबला शिकतात काय हे?’’ तो हसायला गेला आणि हसू मध्येच मोडलं.

‘‘चोवीस तारखेक तू थय बसलस?’’

‘‘बसलो.’’

‘‘कशाक?’’

पान्याचा आवाज थांबला. ‘‘ते विचारू नका.’’

‘‘रे, तुका गावान वाळीत घातल्यान आणि तू अजून इंजिन पुसत बसलस? काय केलस ता सांग. काय केलस नाय ता तरी सांग!’’

‘‘मी फाइलीला हात लावला नाही. लावायला गेलो होतो.’’ त्याने फडकं फेकलं. ‘‘बस. आता जावा.’’

विनोदिनी छत्री उचलून अंगणात उतरली. मागून त्याचा आवाज आला, अगदी खालचा.

‘‘बाई, मी बसलो तेव्हाच ती उघडत नव्हती.’’

ती गर्रकन वळली. ‘‘मग त्याच दिवशी सांगलस कशाक नाय?’’

दार लागलं होतं.

४

दुपारी गौरवीने खात्याला फोन लावला आणि विनोदिनीच्या हातात दिला. फोन चार टेबलं फिरला. प्रत्येक टेबलावर पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

‘‘प्रशासकाचा पासवर्ड गोपनीय असतो,’’ चौथं टेबल म्हणालं.

‘‘मग तुमचा माणूस पाठवा. सोमवारी सुनावणी आहे.’’

‘‘त्यासाठी अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज लागेल.’’

‘‘तो वारला हो.’’

‘‘मग नव्या वापरकर्त्याचा.’’

‘‘तिचीच फाइल उघडत नाही म्हणते मी!’’

‘‘उघडत नसेल तर तिला अधिकार नसेल, बाई. अधिकार नसलेल्या व्यक्तीच्या अर्जावर कारवाई होत नाही.’’

विनोदिनीने डोळे मिटले. कृष्णनाथचे चौदा अर्ज गौरवीने एका दोऱ्यात ओवून ठेवले होते. प्रिंटर जोडायचा आहे, परवानगी द्यावी. मराठी अक्षरं घालायची आहेत, परवानगी द्यावी. एक प्रत काढून ठेवायची आहे, मी साठीचा माणूस, माझा काय भरवसा, परवानगी द्यावी. प्रत्येकावर खात्याचा गोल शिक्का आणि ‘पोचले’. पोचले! विहिरीत दगड टाकल्यावरही आवाज येतो.

‘‘सतरा तारखेला आलेल्या माणसाला तरी फोनवर द्या,’’ ती म्हणाली.

बऱ्याच वेळाने एक तरुण आवाज आला. ‘‘हां, मुळगाव. केलं ना काम. अर्जाप्रमाणे.’’

‘‘फाइल उघडून बघितली होती?’’

‘‘मॅडम, फाइल उघडायचं अर्जात नव्हतं.’’

आणि फोन कटला.

विनोदिनीने रिसीव्हर खाली ठेवला. चौघांनी फाइल बघितली होती. उघडलेली कुणीच बघितली नव्हती.

५

शनिवारी ती दिवसभर त्या यंत्रासमोर बसली. शेजारी गौरवी चहा ठेवायची, निवलेला उचलून न्यायची.

पहिली गोष्ट तिने तपासली ती राजेशची. तो बसला होता शेवंतीच्या नावाने, आणि त्या नावाला कसलेच अधिकार नव्हते. घड्याळ पुढे-मागे करायचे नव्हते, प्रिंटर जोडायचे नव्हते, दुसऱ्याच्या फाइलीला कुलूप घालायचे तर नव्हतेच नव्हते. विनोदिनीने स्वतः सतरा वाटांनी करून बघितलं. प्रत्येक वाटेवर तीच चौकट. म्हणजे त्या खुर्चीत बसून राजेशला फाइल बंद करताच आली नसती, मनात काहीही असलं तरी.

दुसरी गोष्ट, तारीख. फाइलीत शेवटचा बदल २८ जानेवारीचा, शुक्रवारचा. कृष्णनाथने शेवटची दोरी सोडली तो दिवस. त्यानंतर फाइलीत कुणी एक अक्षर घातलं नव्हतं की काढलं नव्हतं.

मग कुलूप आलं कुठून?

‘‘गौरवी, ह्या नाव हिरवा कशाक गो?’’

‘‘पहिल्यापासून तसंच आहे, बाई. पहिल्यांदा यंत्र आणलं तेव्हा खात्याच्या माणसाने कसलीशी खूण केली. खाणवाल्यांनी आकडे बदलू नयेत म्हणून. काका सांगायचे, माझी फाइल हिरवी, तिला माझ्याशिवाय कुणी हात लावू शकत नाही. केवढा अभिमान होता त्यांना!’’

विनोदिनीने कप बाजूला ठेवला. कुलूप मार्चात लागलं नव्हतं, फेब्रुवारीतही नाही. ते पहिल्या दिवसापासून होतंच. कृष्णनाथ आला की आपोआप उघडायचं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं.

तिने फाइलीचा मालक कोण, तो रकाना उघडला. तिथे माणसाचं नाव असतं. इथे नाव नव्हतं. एक लांबलचक आकडा होता, मधे मधे रेघा असलेला. यंत्राला मालक ओळखता येत नसला की ते असा आकडा दाखवतं.

शेवटी तिने खोलवरची एक चौकट काढली. ‘ही फाइल उघडू शकणारी माणसं.’ खाली यादी होती. यादीत एकच नाव.

कृष्णनाथ.

‘‘देवा रे,’’ ती पुटपुटली. ‘‘ता अजून तेचीच वाट बघता.’’

६

रविवारी सकाळी तिने सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. प्रमोद आला, गौरवी होतीच. राजेश दाराशी उभा राहिला, आत येईना. शेवंती आली आणि सवयीने आधी केरसुणी घेऊन खोली झाडायला लागली. रोजचं तिचंच काम ते. कुणी थांबवलं नाही. झाडून झाल्यावर ती भिंतीशी बसली.

‘‘राजेशान काय केल्यान नाय,’’ विनोदिनी म्हणाली. ‘‘तेका करूकच येणासारखा नव्हता. कुलूप पहिल्या दिवसापासून होता, आणि किल्ली त्या कुलपाची वेगळी नव्हतीच. कृष्णनाथ हीच किल्ली.’’

‘‘म्हंजे पासवर्ड?’’ प्रमोदने विचारलं.

‘‘नाय. तो स्वतः. यंत्राच्या लेखी माणूस म्हंजे नाव नव्हे, प्रमोद. नाव म्हंजे दारावरची पाटी. कृष्णनाथ पुसून शेवंती लिवला असता, तर आतलो माणूस तोच रवलो असतो आणि फाइल उघडली असती. दोन मिनिटांचा काम. खात्याच्या माणसान पाटी नाय बदलली. तेना माणूसच काढून टाकल्यान आणि नवो आणून बसवल्यान. जुन्याबरोबर किल्ली गेली.’’

‘‘पण मी अर्जात तसा...’’ प्रमोदने खिशातून कार्बनची प्रत काढली. रेशनकार्डाच्या अर्जाचाच मजकूर होता तो, गेली वीस वर्षं तो प्रत्येक घरासाठी लिहीत आलेला. ‘कै. कृष्णनाथ यांचे नाव कमी करून त्यांच्या पत्नी शेवंती यांचे नाव घालावे, ही विनंती.’

दिव्याच्या पाळीत नाव काढलं म्हणून दिवा विझत नाही. तेल तेच, समई तीच. वाड्यावरच्या कुणालाही वाटलं असतं ते त्यालाही वाटलं. पण तो पोरगा पगार घेऊन आला होता, त्याला फरक ठाऊक असायला हवा होता. ते कुलूप त्याच्याच खात्याने लावलं होतं!

‘‘दुसरी किल्ली?’’ गौरवीने विचारलं. ‘‘असेलच ना कुठे तरी?’’

‘‘पहिल्या दिवशीच काढून ठेवूक व्हयी होती. काल त्या खात्याच्या पोराक तेच्या घरच्या फोनावर विचारलंय. तो म्हणालो, ती काय असता?’’

राजेश दारातून आत आला. शेवंतीच्या समोर, जमिनीवर बसला.

‘‘काकी, मला खाणीतल्या साहेबाने फाइल बघून यायला सांगितलं होतं. जमलं तर काढून टाक म्हणाला. नोकरीची भीती घातली. मी आलो. ती उघडली नाही, तेव्हा इतकं बरं वाटलं मला! वाटलं, काकाने बंद करून ठेवली असेल, माझ्यासारख्यांपासून. म्हणून बोललो नाही. बोललो असतो तर आठवडाभर आधी कळलं असतं.’’

‘‘आठवडो आधी कळान काय झाला नसता,’’ विनोदिनी म्हणाली. ‘‘सतरा तारखेकच सगळा संपला होता.’’

शेवंतीने राजेशच्या डोक्यावर हात ठेवला. काढला नाही. मग ती प्रमोदकडे वळली.

‘‘अर्जार सही माझी असा.’’

‘‘वयनी, ता मी सांगलंय म्हणान...’’

‘‘नाय, प्रमोदभावजी. तुमी सांगूच्या आधीच माझ्या मनात होता. रोज सकाळी मी हय झाडूक येय. गौरवी यंत्र लावी आणि पयला तेंचा नाव येय, आणि बाजूक यंत्रानच घातलेला बदकाचा चित्र. माका बघवा नाय. तेंचा नाव काढा, असा मीच बोललंय. माझ्याच तोंडान.’’

विनोदिनीकडे आता सगळी उत्तरं होती, आणि एकाही उत्तराचा तिला उपयोग नव्हता. बाई, तुझी काय चूक, असं तिला म्हणायचं होतं. पण शेवंती उठली होती, आणि उंबऱ्यावर जाऊन तिने चपला पायांत घातल्या.

‘‘उद्या कितेक वाजता ती सुनावणी?’’

७

शाळेच्या पटांगणात मांडव होता. मंचावर तीन अधिकारी, समोर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या. विनोदिनीने दहा मिनिटांत सगळं सांगितलं: हिरवी अक्षरं, आकडा, एकच नाव, चौदा अर्ज. मधल्या अधिकाऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘तुमच्या भावना समजल्या. मात्र विहिरींसंबंधीची आकडेवारी विहित नमुन्यात सादर झालेली नाही, अशी नोंद करतो. पुढचं नाव?’’

शेवंती पुढे आली. ध्वनिक्षेपक तिच्या उंचीला कुणी खाली केला नाही. राजेशने मागच्या रांगेतून येऊन तो हाताने वाकवून धरला. खाणीचे लोक बघत होते. तो तसाच धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली, पण ते त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

‘‘माझा नाव शेवंती. कृष्णनाथाची बायको. पडद्यार माझा नाव तुमीच घातलात.’’

‘‘बाई, मुद्द्याचं बोला.’’

‘‘ताच बोलतंय. मी अडाणी. माका वाटला, नाव काढला की नावच जाता. ती माझी चूक, मी सगळ्या गावासमोर सांगतंय, आणि मरासर माझ्यासोबत रवतली. पण तुमी शिकलेले. यंत्र तुमचा. कुलूप तुमचा. चौदा कागद तेंनी पाठवलेनी, एक प्रत काढूक देवा म्हणान. वह्या तुमी नेलात, तेची पावती माझ्या फडताळात असा.’’

‘‘नोंद घेतली आहे. पुढचं नाव...’’

‘‘पुढचा नाव नाय. आधी माझा.’’ तिने दोन्ही हातांनी ध्वनिक्षेपकाचा दांडा धरला. मांडवातली कुजबुज थांबली. ‘‘माझ्या घोवाक तुमी त्या यंत्रातसून काढलात, तेवा तेच्या हातात नऊ विहिरी होत्यो. सहा वर्षांचो एकेक शुक्रवार होतो. काढूच्या आधी तेचे हात उघडून बघलात काय, साहेब? होय काय नाय, येवढाच सांगा. मी जाणार नाय. सांगा!’’